आप्पेपात्रातले स्क्रू

तळोदा,
महाशिवरात्रीचा दुसरा दिवस

प्रिय आशा,

पाकीट फोडून अक्षर पाहिल्यावर तू आधी खालची सही शोधली असशील. घाबरू नकोस, पत्र माझंच आहे. लिहितेय फक्त काजल, माझी सून. मी दुकानातल्या खुर्चीत पाय वर घेऊन ऐसपैस बसलेय, मी सांगतेय आणि ती लिहितेय. सासू झाल्याचा एवढा तरी फायदा व्हायला नको का? तिचं अक्षर देखणं आहे आणि माझं तुला माहीतच आहे. आयटीआयमध्ये सर म्हणायचे, शीलाच्या वहीतून कोंबडी चालत गेलेली दिसतेय. काजलला एकच अट घातलीय, की मी बोलेन ते सगळं लिहायचं, मनाने काही गाळायचं नाही. आता ती हसतेय. लिही गं, तू हसतेस तेही लिही.

फोन का नाही केला, असं तू म्हणशील. पण बाई, तू फोनवर बोलतेस का कधी? मी बडबडत राहते आणि तू पलीकडून "हं" म्हणतेस. मध्येच मला वाटतं लाइन तुटली, म्हणून मी "हॅलो, हॅलो" करते, तर पुन्हा "हं." दिवाळीत एवढा वेळ बोललो आपण, त्यात तू स्वतःहून एकच गोष्ट सांगितलीस. टीव्हीचे बोर्ड दुरुस्त करायचा तुझा तो सुरतचा कारखाना बंद झाला, नातू शाळेत जायला लागला, आता दिवसभर हातांना काही कामच नाही. एवढं म्हणालीस आणि गॅसवाला आला म्हणून फोन ठेवलास. ते तुझं बोलणं तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलंय. आज मला सगळं सविस्तर सांगायचंय, आणि पत्रात तुला मध्येच गॅसवाला आणता येणार नाही.

तर बातमी अशी, की तुझी मैत्रीण या वयात मास्तरीण व्हायला निघालीय. इथल्या एका संस्थेने संगणक दुरुस्तीचा तीन महिन्यांचा वर्ग काढायचं ठरवलंय. अगदी सुरुवातीपासून शिकवायचा, ज्यांनी जन्मात कधी स्क्रूड्रायव्हर हातात घेतला नाही अशा वरच्या पाड्यांवरच्या पोरापोरींसाठी. खोली संस्थेची, जुने संगणक संस्थेचे, आणि आखणी सगळी माझी. काय शिकवायचं, कोणत्या क्रमाने, कधी, कोणी, हे सगळं मी ठरवून द्यायचं. त्यांचे साहेब गोड बोलतात, पण पक्के आहेत. म्हणाले, मॅडम, पहिली तुकडी नीट पार पडली तरच दुसरी, नाहीतर त्या खोलीत शिलाई मशिनं मांडायला लोक रांगेत उभे आहेत. वर्ग होळीनंतर सुरू व्हायचाय. नावं आलीत, आखणीही झालीय. घोडं अडलंय ते एकाच ठिकाणी. हाताने काम करून दाखवणारं माणूस मिळत नाहीये. ते मिळालं नाही तर हे सगळं कागदावरच राहणार आणि खोलीत शिलाई मशिनं येणार. ते का मिळत नाहीये ते पुढे सांगतेच, आधी आखणीची गंमत ऐक.

घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आमचे हे नुकतेच साखर कारखान्यातून ड्यूटी करून आले होते. बूट काढता काढता म्हणाले, "तुले दुकान कमी पडी ऱ्हायनं का आते?" आणि आत निघून गेले. मला वाटलं, झालं, आता चार दिवस तोंड फुगवून बसणार. तर दुसऱ्याच दिवशी शहाद्याहून मोटारसायकलवर भला मोठा फळा आडवा बांधून घेऊन आले. सगळ्या रस्त्याने एसटीवाले त्यांना शिव्या देत होते म्हणे. फळा दुकानात टेकवून ठेवला आणि म्हणाले, "मास्तरीणबाईले फळा तं लागीच ना." हेमकांत पाटील माणूस तसा वाईट नाही, हे मला अधूनमधून मान्य करावं लागतं. (काजल विचारतेय, हेही लिहायचं का. लिही. फक्त त्यांना वाचून दाखवू नकोस.)

आखणी करायला बसले तेव्हा मी आधी आपल्या आयटीआयचाच क्रम घेतला. पहिल्या आठवड्यात सुरक्षितता, दुसऱ्यात विजेचे नियम, तिसऱ्यात आकृत्या. काजलने वाचलं आणि सरळ सांगितलं, आई, मला आताच झोप येतेय. मग भाग्येश बसला माझ्याशेजारी. माझं लेकरू हुशार आहे गं, दुकान आता तोच बघतो, पण त्याचं म्हणणं असं की हल्ली दुरुस्त कोण करतं? बिघडलेला भाग काढायचा, नवा टाकायचा, गिऱ्हाइकाला हसून निरोप द्यायचा. मी म्हटलं, बाबा रे, तू तळोद्याच्या बाजारपेठेत बसलायस. वर धडगावच्या पुढच्या आश्रमशाळेत संगणक बंद पडला तर नवा भाग आणेपर्यंत पोरांची परीक्षा होऊन जाते. तिथे जे बिघडलंय तेच सुधारावं लागतं. आमचं चांगलंच वाजलं त्यावरून. त्याने शेवटी हात जोडले आणि मोबाइल दुरुस्तीच्या टेबलाशी जाऊन बसला.

मग मी आयटीआयचा क्रम फाडून टाकला आणि एवढ्या वर्षांत आपल्या भागातून माझ्याकडे आलेले संगणक आठवायला लागले. ते कशाने मेले होते, तेवढंच बघायचं ठरवलं. पहिला नंबर उंदरांचा. कॅबिनेटमध्ये ऊब असते, म्हणून आत घर करतात आणि वायरी कुरतडतात. मग पाली. मग वीज पडणं आणि व्होल्टेज वरखाली होणं. मग धूळ, ती तर आहेच. आणि दसरा! तू हसशील, पण दसऱ्यानंतरचा आठवडा हा माझ्या धंद्याचा हंगाम आहे. शाळा म्हणू नको, पतपेढी म्हणू नको, सगळीकडे संगणकाची पूजा होते. यंत्राची पूजा करायला माझी ना नाही, मीही करते. पण लोक कीबोर्डवर मूठभर हळदकुंकू टाकतात, अक्षता टाकतात आणि वर नारळ फोडून त्याचं पाणी शिंपडतात. एका शाळेचे तर सगळेच्या सगळे कीबोर्ड लालभडक होऊन आले होते. म्हणून माझ्या वर्गात "पूजा कशी करावी" असा एक धडा आहे. कुंकवाचं बोट पडद्याच्या मागच्या बाजूला लावायचं आणि नारळ अंगणात फोडायचा. साहेबांनी तो धडा बघून भुवया उंचावल्या, पण काढा म्हणाले नाहीत.

बाकीही सगळं असंच घरगुती आहे. संगणक सुरूच होत नसेल तर आधी आतली रॅमची पट्टी काढायची, तिचे पिवळे दात खोडरबरने पुसायचे आणि परत बसवायची. निम्मे आजारी तेवढ्यानेच बरे होतात, हे तुला ठाऊक आहे. म्हणून प्रत्येकाच्या पिशवीत पहिल्या दिवशी स्क्रूड्रायव्हर, दात घासायचा जुना ब्रश आणि खोडरबर. आणि स्क्रूंसाठी काय, सांग? नवशिका माणूस संगणक उघडतो आणि स्क्रू हरवतो, हे ठरलेलं. काजलने उपाय काढला आप्पेपात्राचा. सात खळगे. कॅबिनेटचे स्क्रू पहिल्या खळग्यात, पंख्याचे दुसऱ्यात, ज्या क्रमाने काढले त्या क्रमाने ठेवायचे आणि उलट्या क्रमाने लावायचे. शेवटी पात्र रिकामं झालं पाहिजे. एक जरी उरला तरी पुन्हा उघडायचं. गावातल्या भांड्यांच्या दुकानातली सगळी आप्पेपात्रं मी उचलली, तेव्हा दुकानदाराला वाटलं मी नाश्त्याची गाडी टाकतेय.

एक चूक मात्र अशी केली की सांगायला लाज वाटावी. मी आणि काजलने मिळून वेळापत्रक केलं, रंगीत छापलं, संस्थेच्या दारावर लावलं. शांतीबाई नावाच्या एक आहेत, आश्रमशाळेत स्वयंपाक करतात, वर्गात त्यांचंही नाव आहे. त्या दारात उभ्या राहून वाचायला लागल्या आणि वाचता वाचता तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मला वाटलं छपाईत काही चुकलं. तर त्या म्हणाल्या, ताई, या दिवशी होळीआधीचा भोंगऱ्या बाजार आहे, त्याच्या पुढचा सगळा आठवडा होळ्या आहेत, आज या गावची, उद्या त्या गावची. अंगाला घुंगरू बांधून नाचणारी पोरं तुमच्या खोलीत स्क्रू मोजायला येतील का? आणि ऊसतोडीला गेलेली माणसंसुद्धा होळीलाच परत येतात. आम्हा कोरीट गावच्या पाटलांची होळी म्हणजे संध्याकाळी पेटवली, पुरणपोळी खाल्ली, संपली. एवढी वर्षं तुझ्या मैत्रिणीने तळोद्यात काढली आणि तिला हे सुचलं नाही! वेळापत्रक खाली उतरवलं. आता वर्ग होळीचे सगळे मेळे आटोपल्यावरच्या सोमवारी सुरू होतोय.

आता त्या न मिळणाऱ्या माणसाकडे येते. मुलाखतीला दोघे आले. पहिले शहाद्याहून आले, कडक इस्त्री, हातात लॅपटॉप. त्यांनी नमुन्याचा तास घेतला आणि संगणकाचा जन्म कसा झाला ते सांगायला सुरुवात केली. जेवणाची वेळ झाली तरी त्यांचा संगणक रांगतच होता, कोणी एका स्क्रूला हात लावला नव्हता. दुसरा तरुण होता, हात चांगला होता त्याचा. पण त्याने पहिलंच कॅबिनेट उघडलं आणि आतून पाल उडी मारून थेट त्याच्या बाहीवर. तो जो ओरडत बाहेर गेला, तो परत आलाच नाही. जीपवाल्याने सांगितलं, की सर नंदुरबारला पोहोचले, सुखरूप आहेत. साहेब माझ्याकडे बघायला लागले. म्हणाले, मॅडम, तुम्हीच का नाही घेत? मी म्हटलं, बघू, संक्रांतीनंतर चार दिवस नमुन्याचा वर्ग मी घेते, मग ठरवू.

ते चार दिवस, आशा! इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती. पण पहिल्याच तासाला कळलं की माझी जीभ तिथे काही कामाची नाही. मी मराठीत दोन वाक्यं सांगायचे, पोरं माना डोलवायची. मग गोवाल नावाचा एक पोरगा उभा राहायचा आणि तेच त्यांच्या पावरी बोलीत सांगायचा. माझी दोन वाक्यं आणि त्याचं चांगलं लांबलचक आख्यान, मध्ये मध्ये सगळे पोट धरून हसताहेत. मी विचारलं, मी एवढं कुठे बोलले? तर म्हणतो, ताई, तुम्ही तेवढंच बोललात, मी नीट सांगितलं. मला तेव्हा आपली तोंडी परीक्षा आठवली आणि मीही हसत सुटले. आठवतंय ना? रेडिओ-टीव्ही मेकॅनिकच्या त्या सगळ्या पोरांत आपण दोघीच मुली. परीक्षक धुळ्याहून आलेले, आणि तू भिंतीसारखी उभी. त्यांनी विचारलं की तू माझ्याकडे बघायचीस आणि मी म्हणायचे, सर, ती म्हणते की अमुक अमुक. शेवटी ते वैतागून म्हणाले, अहो, ती नुसती मान हलवते आणि तुम्हाला त्यातून एवढं मोठं उत्तर कसं ऐकू येतं? आणि प्रात्यक्षिकाला माझे सोल्डरिंगचे सांधे म्हणजे थापलेल्या गोवऱ्या. तू टेबलाखालून माझा बोर्ड ओढून घेतलास, सगळे सांधे काढून नवे केलेस आणि परत सरकवलास. दोन वर्षं आपण असंच चालवलं, बोलायचं मी आणि करायचं तू.

तिसऱ्या दिवशी मात्र माझा पारा चढला. मी प्रत्येकाला एकेक संगणक दिला होता, त्यात मुद्दाम बिघाड करून ठेवले होते. ज्याचा त्याने शोधायचा, शेजाऱ्याच्या टेबलाकडे बघायचं नाही, असं बजावून मी पाणी प्यायला गेले. परत येते तर सगळी टेबलं ओस आणि सगळा वर्ग शांतीबाईंच्या टेबलाभोवती. त्यांचा संगणक सुरू होत नव्हता. एकाने पंखा काढलाय, एक ब्रशने धूळ झाडतोय, एक पोरगी आप्पेपात्र सांभाळतेय, गोवाल खोडरबर घासतोय आणि शांतीबाई मध्ये उभ्या राहून सांगताहेत, की काल हा असा आवाज करत होता, मग असा बंद झाला. मी ओरडले. आपापल्या जागेवर जा, ही काय चेष्टा आहे का! कोणी हललं नाही. उद्धटपणा म्हणावा तर तोही नाही, सगळे माझ्याकडे गोड हसले आणि पुन्हा कामाला लागले. शांतीबाईंचा संगणक सुरू झाला तशी सगळी गर्दी उठली आणि पुढच्या टेबलावर गेली. मग त्याच्या पुढच्या. जेवायच्या आत खोलीतले सगळे संगणक चालू, सगळी आप्पेपात्रं रिकामी. आणि माझी ज्याची त्याची परीक्षा कुठल्या कुठे वाहून गेली.

मी कपाळाला हात लावून खुर्चीत बसले आणि एकदम मला तुझा पाडा आठवला. पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्यात तू मला घेऊन गेली होतीस. मी इस्त्रीचा पंजाबी ड्रेस घालून जीपच्या टपावर! पोहोचलो तर एका अंगणात सगळा पाडा जमलेला. कोणी खांब उभे करतंय, कोणी बांबू चिरतंय, बाया कूड लिंपताहेत. मी तुझ्या वडिलांना विचारलं, यांना रोज किती पडतो, आणि सगळे असे हसले की मला कुठे तोंड लपवू झालं. मग तू सांगितलंस. ही लाह आहे. एकाचं घर सगळ्यांनी मिळून उभं करायचं, मजुरी नाही, ज्याचं घर त्याने जेवू घालायचं. आज याचं, उद्या दुसऱ्याचं. ते घर एका बाईचं होतं, तिचा नवरा ताडावरून पडून अंथरुणाला खिळला होता आणि ती स्वतः दारोदार जाऊन सगळ्यांना बोलावून आली होती. मी तुला विचारलं होतं, तिला बोलवायला लाज नाही वाटली? तू माझ्याकडे असं बघितलंस, जसं काही मी अडाणी आहे. म्हणालीस, ज्याच्या हातून होत नाही त्यानेच तर बोलवायचं, ज्याचं होतंय तो कशाला बोलवेल? त्या दिवशी तू किती बोललीस, आशा! लाहेचं, पेरणीचं, घराच्या खांबाला कोणतं लाकूड, सगळं. तुझ्या पाड्यावर बोलत होतीस तू आणि गप्प होते मी.

तर त्या दिवशी मी पुन्हा एकदा आखणी फाडली. आता पहिला महिनाभर वर्गात मधोमध एकच मोठं टेबल. रोज एकाचा संगणक. तो ज्याचा, त्याने आजाऱ्याची हकीकत सांगायची, बाकीच्यांनी हात लावायचे, आणि दुपारच्या डब्याला त्या दिवशी भाजी त्याने आणायची. ही भाजीची कल्पना माझी नाही, पोरांनीच ठरवली. साहेब म्हणाले, मॅडम, मग मार्क कोणाला द्यायचे? मी म्हटलं, शेवटच्या पंधरवड्यात ज्याचं त्याला द्या. तोवर भीती गेलेली असेल. घरी परत गेल्यावर एखाद्याला अडलं, तर वरच्या पाड्यावर हाक मारायची सवय तरी असेल. साहेबांनी बराच वेळ पेन टकटकवलं आणि मग सही केली. मी बाहेर आले ते जिन्यावरून गाणं म्हणत. (काजल म्हणतेय गाणं नव्हतं, आरडाओरडा होता.)

एक धडा मात्र त्या चार दिवसांत झालाच नाही, सोल्डरिंगचा. पहिल्या दिवशी म्हटलं उद्या करू. दुसऱ्या दिवशी म्हटलं लाइट जाईल असं वाटतंय. तिसऱ्या दिवशी ती लाहेची गडबड. चौथ्या दिवशी सोल्डरिंगची इस्त्री तापवून सगळे माझ्याभोवती गोळा झाले, तर मी म्हटलं, आधी चहा घेऊ. चहा झाला आणि मग जीपची वेळ झाली. पोरं बिचारी पिशव्या उचलून निघाली. शांतीबाईंनी तेवढं जाताना माझ्याकडे जरा निरखून बघितलं आणि माझ्या हातातून कप काढून घेऊन स्वतः विसळून ठेवला.

आता तू ओळखलं असशीलच मी कुठे येतेय. हो, तुझ्यावरच येतेय. तो हाताने करून दाखवणारा माणूस म्हणजे तू. तुझं उत्तरही मला ठाऊक आहे. मी काय शिकवणार, मला चारचौघांत बोलता येत नाही, मी कधी फळ्यापुढे उभी राहिले नाही. बाई, फळ्यापुढे उभी राहायला मी आहे की. आणि इथे मराठीत बोलायचंच कोणाला आहे? पोरं तुझ्या भाषेतली आहेत, काही तर तुझ्या पलीकडच्याच पाड्यावरची. इथे तू बोलशील आणि मी "हं" म्हणेन. तुझ्या अजितला मी आधीच विचारलंय. रागावू नकोस, त्याने सांगितलं की आई दिवसभर बिघडलेला रेडिओ उघडते आणि परत बंद करून ठेवते, तिला घेऊन जा मावशी. आमच्या दुकानामागची खोली मोकळी आहे, भाग्येशने पंखाही बसवलाय. साखर कारखान्याच्या मळीचा वास सोडला तर सुरतपेक्षा हवा चांगली आहे. भुसावळ गाडीने नंदुरबारला उतर, हे तुला घ्यायला येतील. फळा आणला तसंच तुलाही आणतील, पण बांधणार नाहीत.

आशा, आता इथून पुढे मी लिहितेय. काजलला चहा करायला पाठवलंय. तिला माहीत आहे, घरात सगळ्यांना माहीत आहे, पण हे तुला तिच्या अक्षरात सांगायचं नव्हतं. बघ, ही माझी कोंबडीसुद्धा नीट चालत नाहीये. माझा उजवा हात थरथरतो गं. गेल्या पावसाळ्यापासून. कप अर्धाच भरून घेते, तरी सांडतो. नंदुरबारच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं, जिवाला काही धोका नाही म्हणाले, काहींना होतं असं, पण बारीक काम आता सोडा. सोल्डरिंगची इस्त्री मी शेवटची कधी धरली ते आठवलं तर रडू येतं, म्हणून आठवत नाही. या वर्गावर मी जीव टाकलाय आणि तो माझ्या हातून होत नाही. तूच सांगितलं होतंस ना, अशानेच बोलवायचं असतं. तर माझ्याकडे लाह आहे. दारात येऊन बोलवायची रीत आहे, सुरत लांब पडली, म्हणून एवढं तरी स्वतःच्या हाताने लिहिलं. जेवायला उडदाची डाळ आणि भाकरी, माझ्या हातची. भाकरी वाकडी होईल, ती तू खायची. होळीचे मेळे आटोपले की त्या सोमवारी ये.

तुझीच बडबडी,
शीला